रेघेची दोन टोकं



ज्यांच्या स्मृतिदिनी मी हे बोलते आहे, त्या सरांनी आम्हाला आठवी-नववीत मराठी शिकवलं. व्याकरणाच्या तासाला वर्गात आले की ते आधी फळ्यावर आडवा तक्ता आखायचे. उद्देश्य, उद्देश्यविस्तार, कर्म, कर्मविस्तार, विधानपूरक, विधेय, विधेयविस्तार असे रकाने पडायचे. मग एक वाक्य सांगायचे. वाक्यातला प्रत्येक शब्द कुठल्या ना कुठल्या रकान्यात जाऊन बसला पाहिजे. एखादा रकाना रिकामा राहिला की सर तिथे खडू टेकवून विचारायचे, "इथं कोणी नाही. का नाही?" कधी उत्तर असायचं की क्रियापद अकर्मक आहे. कधी असायचं की कर्ता अध्याहृत आहे, आणि मग तो कोण हे आम्हालाच शोधून लिहावं लागायचं.

पुढे मी इंजिनिअर झाले. पुण्यात सॉफ्टवेअर तयार करण्यात माझी जवळजवळ तीस वर्षं गेली. कॉलेजात जे शिकले त्यातलं बरंचसं दहा वर्षांत जुनं झालं. सरांचा तक्ता मात्र रोज कामी आला. म्हणून त्यांच्या स्मरणार्थ या वाचनालयात बोलायला उभं राहताना मी विषय निवडला तो हाच: माणूस आपल्या भाषेत गरज सांगतो, तिच्यातून सॉफ्टवेअरची आकृती कशी निघते, आणि ते काम आता यंत्र करू लागलं आहे तेव्हा आपण काय सांभाळायचं.

सभागृहात सगळेच संगणकवाले नाहीत, म्हणून थोडक्यात सांगते. घर बांधण्याआधी नकाशा काढतात तसा सॉफ्टवेअरचाही काढतात. त्याचे प्रकार बरेच आहेत, आज तीन पुरेत. क्लास डायग्राममध्ये चौकटी असतात, कामातल्या वस्तूंच्या आणि माणसांच्या, आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. सिक्वेन्स डायग्राममध्ये कोणी कोणाला काय सांगितलं, कोणत्या क्रमाने, हे वरून खाली येतं. स्टेट डायग्राममध्ये एखादी गोष्ट कोणकोणत्या अवस्थांतून जाते ते असतं, एका अवस्थेतून दुसरीकडे जाणारे बाण. १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये ओएमजी या आंतरराष्ट्रीय संघटनेने अशा आकृत्यांची एक सामाईक लिपी मान्य केली. तिचं नाव यूएमएल. ग्रेडी बूच, जेम्स रम्बॉ आणि इव्हार जेकबसन या तिघांनी आपापल्या पद्धती एकत्र करून तिचा पाया घातला होता.

त्याच वर्षी मी एका पतसंस्थेचं काम घेतलं होतं. संस्थेचं नाव सांगत नाही, चूक माझी होती. सचिवांनी कर्जविभागाची गरज स्वतःच्या हाताने लिहून दिली होती. सुंदर अक्षर, ओळी सरळ. त्यातली पाच वाक्यं मला अजून पाठ आहेत:

कर्ज मागणाऱ्या सभासदाने अर्ज करावा. अर्जासोबत दोन जामीनदार द्यावेत. जामीनदार संस्थेचा सभासद असावा. अर्जाची छाननी करून संचालकांनी मंजुरी द्यावी. हप्ता थकल्यास जामीनदारास नोटीस देण्यात यावी.

वाचायला इतकं सोपं, की मी संध्याकाळपर्यंत आकृती काढून मोकळी झाले. एक चौकट सभासदाची, एक कर्जाची, एक जामीनदाराची. कर्ज आणि जामीनदार यांच्यामध्ये रेघ. आता या रेघेचा नियम असा, की तिच्या दोन्ही टोकांना आकडा लिहायचा. एका कर्जाला जामीनदार किती? दोन. ते वाक्यात होतं, मी लिहिलं. दुसऱ्या टोकाला प्रश्न उलटा होतो: एक जामीनदार किती कर्जांना? त्याबद्दल सचिवांच्या कागदात अवाक्षर नव्हतं. मी तिथे ताऱ्याची खूण टाकली. आमच्या लिपीत तिचा अर्थ "कितीही". ती खूण टाकायला मला एक सेकंदसुद्धा लागला नसेल.

तीन वर्षांनी थकबाकी वाढली आणि वसुलीसाठी यादी काढली तेव्हा एका दुकानदाराचं नाव अकरा कर्जांना जामीनदार म्हणून निघालं. अकरातली सात थकलेली. दोन मेहुणे एकमेकांना जामीन होते, दोघांचीही कर्जं थकली होती. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला मिळवायचा तर मिळतो, पण ज्याच्याकडून वसूल करायचं तो माणूस अकरा ठिकाणी एकच आहे. सचिव माझ्यावर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "ताई, पूर्वी आमचे कारकून अडवायचे. म्हणायचे, अहो, तुम्ही आधीच दोघांना जामीन आहात. तुमच्या कॉम्प्युटरने कधी कोणाला अडवलं नाही." ते कारकून संगणक आला त्याच वर्षी निवृत्त झाले होते. नियम त्यांच्या डोक्यात होता. कागदावर तो कधी उतरलाच नव्हता, कारण तो कागदावर उतरवावा लागतो असं कोणाला वाटलंच नव्हतं.

मी काय चुकले हे समजायला मला बराच काळ लागला. मी रिकामा रकाना भरून टाकला होता. सरांनी खडू टेकवला असता, तर मी थांबले असते.

भाषेवरून आकृती काढण्याच्या या शास्त्राचा इतिहास फार जुना नाही. पीटर चेन यांनी १९७६ मध्ये माहितीचा आराखडा मांडण्याची एंटिटी-रिलेशनशिप पद्धत दिली. १९८३ मध्ये त्यांनी इंग्रजी वाक्यावरून अशी आकृती काढण्याचे अकरा नियम लिहिले: सामान्यनाम दिसलं की चौकट, सकर्मक क्रियापद दिसलं की दोन चौकटींमधला संबंध, विशेषण दिसलं की चौकटीतल्या वस्तूचा गुणधर्म. त्याच वर्षी रसेल ॲबट यांनी जवळपास हाच विचार प्रोग्रामच्या रचनेसाठी मांडला: नामांवरून डेटाचे प्रकार, क्रियापदांवरून क्रिया. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा आपल्या शाळेत बसल्यासारखं वाटलं. शब्दाची जात ओळखा, मग त्याची जागा ठरते. दादोबा पांडुरंग यांचं मराठी व्याकरण १८३६ चं, मोरो केशव दामले यांचं १९११ चं. कर्ता, कर्म, करण, संप्रदान, अपादान, अधिकरण ही कारकं तर पाणिनीपासून चालत आलेली. क्रियेभोवती कोण कोणत्या नात्याने उभं आहे हे विचारायची सवय आपल्याकडे फार जुनी आहे, आणि सिक्वेन्स डायग्राम काढणारा मुलगा आज नेमकं तेच विचारत असतो.

पण नामाला चौकट देण्याचा नियम जामीनदाराशी आला की फसतो. जामीनदार हे नाम आहे, म्हणून मी त्याला चौकट दिली, तिच्यात नाव, पत्ता, फोन लिहिला. जरा विचार करा. जामीनदार म्हणजे कोणी वेगळा प्राणी आहे का? तो सभासदच आहे. आज तो दुसऱ्याच्या कर्जाला जामीन आहे, उद्या स्वतः कर्जदार असेल. जामीनदार ही त्याची भूमिका, आणि ती त्या कर्जापुरती. योग्य आकृतीत चौकट सभासदाची एकच असते. तिच्यापासून कर्जाकडे दोन रेघा जातात, एकीवर लिहायचं "कर्जदार", दुसरीवर "जामीनदार". माझ्या आकृतीमुळे एकाच माणसाचा पत्ता दोन जागी साठला आणि त्याने घर बदललं की एकाच जागी दुरुस्त झाला. नोटिसा जुन्या पत्त्यावर गेल्या. नाम आणि भूमिका यांतला हा फरक शब्दाच्या जातीवरून कळत नाही. तो व्यवहार माहीत असणाऱ्याला कळतो.

आपल्या भाषेच्या दोन सवयी इथे मुद्दाम सांगते, कारण इंग्रजीवरून शिकलेल्या नियमांत त्या सापडणार नाहीत.

पहिली सवय आदरार्थी बहुवचनाची. "संचालकांनी मंजुरी द्यावी." किती संचालकांनी? सचिवांच्या मनात एकच संचालक असतील, कर्जविभाग पाहणारे, आणि आदराने त्यांनी "संचालकांनी" लिहिलं असेल. किंवा सगळ्या मंडळाने ठराव करावा असं असेल. दोन्हींचं रूप अक्षरशः एकच. आकृतीत मात्र एकाच्या सहीने कर्ज मंजूर होणं आणि अकरा जणांच्या बैठकीत ठराव होणं ही दोन वेगळी सॉफ्टवेअर आहेत. मराठी माणूस ज्याचा मान ठेवतो त्याला अनेकवचनात बोलावतो. रेघेच्या टोकाला आकडा लिहिणाऱ्याने तिथे हटकून थांबलं पाहिजे.

दुसरी सवय कचेरीतल्या मराठीची: "देण्यात यावी", "करण्यात यावे", "निदर्शनास आणून देण्यात यावे". नोटीस देण्यात यावी. कोणी? शाखाधिकाऱ्याने, वसुली अधिकाऱ्याने की संगणकाने आपोआप? कर्ता वाक्यातून उठून गेलेला आहे. सिक्वेन्स डायग्राममध्ये बाण काढताना तो कोणापासून निघतो हे सहसा दाखवावंच लागतं. म्हणून या आकृतीइतका "करण्यात यावे" चा खरा परीक्षक मी दुसरा पाहिलेला नाही. कित्येक कार्यालयांत मी नुसता तो बाण काढून विचारलं, "हा कुणाच्या टेबलावरून निघतो?" आणि समोर बसलेले दोन अधिकारी एकमेकांकडे बघत राहिले.

आकृतीची ही ताकद मला ज्या गोष्टीमुळे पटली ती इस्रायलची आहे. डेव्हिड हरेल नावाचे गणिती १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या विमान उद्योगात लावी या लढाऊ विमानाच्या प्रकल्पावर सल्लागार म्हणून जात होते. विमानाच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेने कसं वागावं याचं वर्णन जाडजूड ग्रंथांमध्ये, साध्या भाषेत लिहिलेलं होतं. हरेल साधे प्रश्न विचारायचे: विमान अमुक स्थितीत असताना हे बटण दाबलं तर काय होतं? उत्तर एका जागी मिळायचं नाही. कागदपत्रांत ते विखुरलेलं असायचं, कधी दोन ठिकाणी दोन वेगळी उत्तरं असायची, आणि तज्ज्ञ अभियंत्यांनाही खात्रीने सांगता यायचं नाही. त्या लोकांशी बोलता बोलता हरेल यांनी अवस्था दाखवणारी चित्रं काढायला सुरुवात केली, अवस्थेच्या पोटात अवस्था, त्यांच्यामधून जाणारे बाण. त्यातून स्टेटचार्ट ही पद्धत जन्मली. तिच्यावरचा त्यांचा गाजलेला लेख १९८७ चा. आज यूएमएलमधला स्टेट डायग्राम तिथून आलेला आहे. हरेल यांनी पुढे आठवण लिहिली आहे, की एक दिवस हवाई दलाचा एक वैमानिक त्या खोलीत डोकावला. अशी आकृती त्याने जन्मात पाहिली नव्हती. फळ्यावर काय आहे हे त्याला थोडक्यात सांगितलं, आणि काही मिनिटांत त्याने एका बाणावर बोट ठेवून सांगितलं की हा चुकलाय, तो तिकडे जायला हवा. त्याचं बरोबर होतं.

माझ्या आजच्या बोलण्याचा गाभा हा वैमानिक आहे. आकृती अभियंत्यांनी काढली, पण चूक दाखवली ती विमान चालवणाऱ्याने. तो ग्रंथ त्याच्यासमोर ठेवला असता तर त्याने मान डोलावून परत दिला असता, जशी मी सचिवांचा कागद वाचून डोलावली होती.

आता यंत्राकडे येते. भाषेतून आकृती काढणारी यंत्रं गेली तीस वर्षं बनत आली आहेत. आधीच्या पिढीतली यंत्रं व्याकरणाचे नियम लावून वाक्याचे तुकडे पाडायची आणि अवघड वाक्य आलं की अडखळायची. आताची लार्ज लँग्वेज मॉडेल्स अडखळत नाहीत. परिच्छेद द्या, काही सेकंदांत आकृती हजर. खरं तर यंत्र चित्र काढत नाही. ते आकृतीचं वर्णन मोजक्या ओळींत लिहितं, अमुक चौकट, तमुक चौकट, मध्ये रेघ. मग प्लँटयूएमएल किंवा मर्मेडसारखं साधन त्या ओळींवरून चित्र मांडतं. प्लँटयूएमएल २००९ पासून आहे, मर्मेड २०१४ पासून. ही साधनं उत्तम आहेत, मी रोज वापरते. आकृती मजकुराच्या रूपात राहिल्याने कोणी कधी काय बदललं ते दिसतं, आणि पूर्वी एक चौकट सरकवायला लागणारा अर्धा तास वाचतो.

यंत्राला हे कितपत जमतं? कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये अशी मॉडेल्स तपासली. तज्ज्ञांनी काढलेल्या आकृत्यांशी तुलना केली, आणि पूर्ण जुळणीला १ गुण धरला, तर त्यांच्यातल्या सर्वांत सरस मॉडेलला चौकटी ओळखण्यात ०.७६, चौकटीतले गुणधर्म ओळखण्यात ०.६१ आणि रेघांमध्ये ०.३४ मिळाले. यंत्राने जे काढलं ते बहुतांशी बरोबर होतं. राहून गेलेलं मात्र पुष्कळ होतं. त्यानंतर मॉडेल्स सुधारली आहेत, आकडे आज वेगळे असतील. पण चौकटी सोप्या आणि रेघा अवघड हा क्रम मला माझ्या कामात आजही तसाच दिसतो. चौकटीचं नाव वाक्यात लिहिलेलं असतं. रेघेचा अर्धा भाग कोणाच्या तरी डोक्यात असतो.

हे व्याख्यान तयार करताना मी सचिवांची ती पाच वाक्यं यंत्राला दिली. त्याने जामीनदाराची वेगळी चौकट काढली, तिच्यात नाव, पत्ता, फोन घातला, आणि रेघेच्या दुसऱ्या टोकाला "कितीही" ची खूण टाकली. १९९७ मध्ये मी काढलेली आकृती, जशीच्या तशी. मला धस्स झालं. मग मी आकृती बाजूला ठेवली आणि त्याला सांगितलं: आता काही काढू नकोस, या पाच वाक्यांत काय सांगितलेलं नाही ते मला विचार. तेव्हा त्याने एकामागून एक प्रश्न लिहिले. एक सभासद किती कर्जांना जामीन राहू शकतो? कर्जदार आणि जामीनदार एकमेकांना जामीन राहू शकतात का? संचालक म्हणजे एक की मंडळ? नोटीस एका जामीनदाराला की दोघांना? जामीनदार मयत झाला तर? हे सगळे प्रश्न मी तेव्हा विचारायला हवे होते. तेच यंत्र, तीच वाक्यं. आकृती काढ म्हटलं तर ते रिकामा रकाना भरून देतं, प्रश्न विचार म्हटलं तर त्या रकान्यावर खडू टेकवतं.

म्हणून ज्या कंपन्या "गरज लिहा, आकृती घ्या, कोड घ्या" अशी एका दमात जाणारी वाट विकतात, त्यांच्याबद्दल मला काळजी वाटते. आकृतीतून कोड काढण्याचं काम पुण्यात जुनं आहे. टीसीएसचं टीआरडीडीसी हे संशोधन केंद्र १९८१ मध्ये पुण्यात सुरू झालं, आणि आकृतीरूप मॉडेलवरून कोड तयार करणारं मास्टरक्राफ्ट हे साधन तिथल्याच संशोधनातून आलं. ते काम शिस्तीचं आणि भरवशाचं आहे: आकृतीत जे आहे ते इमानाने कोडमध्ये उतरतं. पण इमानाने उतरतं म्हणूनच चुकीची रेघही इमानाने उतरते. पूर्वी भाषा आणि आकृती यांच्यामध्ये एक माणूस बसलेला असायचा आणि तो निदान कधीमधी डोकं खाजवायचा. ती जागा रिकामी केली तर एकदाही कोणी "का नाही?" न विचारता सचिवांचा कागद थेट संस्थेच्या व्यवहारात उतरेल.

संगणकशास्त्रज्ञ एड्स्गर डाइक्स्ट्रा यांनी १९७८ मध्ये एका टिपणात लिहिलं होतं की रोजच्या भाषेत यंत्राला काम सांगण्याचा हट्ट मूर्खपणाचा आहे, औपचारिक लिपीची अचूकता हे वरदान आहे. त्यांच्याबद्दल मला अतोनात आदर आहे, पण इथे मी त्यांच्यासोबत पूर्ण जात नाही. सचिवांना यूएमएल शिकायला लावणं मला मान्य नाही. त्यांची भाषा मराठी आहे, त्यांचा व्यवहार मराठीत चालतो, गरज त्यांनी मराठीतच सांगावी. आकृतीने मात्र त्यांच्याकडे मराठीत परत आलं पाहिजे. प्रत्येक रेघ दोन वाक्यं होऊन वाचता येते: "एका कर्जाला दोन जामीनदार." "एक जामीनदार कितीही कर्जांना." दुसरं वाक्य मी १९९७ मध्ये सचिवांना मोठ्याने वाचून दाखवलं असतं, तर ते खुर्चीतून उठले असते.

समोर इंजिनिअरिंगची मुलंमुली बसली आहेत. तुमच्यासाठी एक काम घेऊन आले आहे. या सुट्टीत गावातल्या पतसंस्थेत, दूध संकलन केंद्रावर किंवा विकास सोसायटीत जा आणि त्यांच्या पोटनियमांचं एक पान मागून घ्या. यंत्राकडून त्याची आकृती खुशाल काढून घ्या, तुमचा वेळ वाचेल. मग ती आकृती घेऊन संस्थेतल्या सर्वांत जुन्या कारकुनापाशी बसा. एकेका रेघेवर बोट ठेवा आणि ती दोन्ही बाजूंनी मराठीत वाचून दाखवा. ते जिथे "नाही हो" म्हणतील तिथे थांबा आणि ते काय सांगतात ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. पुढच्या वर्षी याच दिवशी, सरांच्या स्मृतिदिनी, ते कागद या वाचनालयात आणून द्या. कपाटात जागा करून ठेवण्याचं वाचनालयाने मान्य केलं आहे.